उशिरा हसला त्याचे पोहे

बडा गणपतीजवळ राहणाऱ्या उदयसिंहांना दोन गोष्टींची पक्की खात्री होती. सियागंजातल्या त्यांच्या दुकानात मिळते तशी बिजागरी अख्ख्या इंदुरात मिळत नाही, आणि माणूस जोकवर कधी हसतो ते पाहिलं की तो कसा आहे ते कळतं. जोक संपायच्या आत हसतो तो खुशामतखोर. सगळ्यांबरोबर हसतो त्याला काही कळलेलंच नसतं. क्षणभर थांबून, आधी डोळ्यांनी आणि मग ओठांनी हसतो, तो खरा. ज्याची ट्यूब सर्वांत शेवटी पेटेल त्याने सगळ्यांना पोहे द्यायचे, हा दुकानाचा कायदा. तीस वर्षांत उदयसिंहांवर ती पाळी एकदाही आली नव्हती, हे ते गिऱ्हाइकांनाही सांगत.

एवढ्या जाणकाराला घरातल्या सुनेचा मात्र थांग लागेना. क्षितिजा साताऱ्याची, शहराबाहेर राऊच्या एका कॉलेजात शिकवायची; ती आणि नवरा वरच्या मजल्यावर राहत, सासू-सासरे तळमजल्यावर. लग्नाला आठ महिने झाले, पण सासऱ्यांच्या एकाही जोकवर ती हसली नव्हती. सुरुवातीलाच एक घोळ झाला होता. सासूबाई भानुमती तिला म्हणाल्या, साखरेचा डबा खाली आहे. म्हणजे रिकामा. पोरगी वाकून खालच्या फळीवर डबा शोधत बसली. उदयसिंहांनी तो किस्सा घरी चारदा आणि दुकानात चाळीसदा रंगवला. सगळे पोट धरून हसले. क्षितिजा तेवढी मान खाली घालून बसली होती.

त्यातच मुलाने, यशवर्धनने, राऊला फ्लॅट पाहून ठेवल्याचं कानावर आलं. उदयसिंह हादरले. जिला या घरात हसूच येत नाही ती इथे राहील कशाला? मग त्यांनी जोकांचा मारा दुप्पट केला. शेवटी भानुमतीच वैतागल्या.

“जोक सांगता आणि टक लावून तिच्या तोंडाकडे बघता,” त्या म्हणाल्या. “परीक्षेत कधी कोणी हसलंय का?”

हे वर्मी लागलं. तीन दिवस उदयसिंहांनी जोक नावाची गोष्ट काढली नाही. चौथ्या दिवशी सकाळी क्षितिजा टिफिन भरत होती, तेव्हा त्यांनी धीर करून सरळच विचारलं.

“बेटा, तुम्ही लोक वरचा मजला खाली करून राहिले का?”

तिने झाकण लावलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “नाही पप्पा, वरचा मजला वरच राहू दे. खाली केला तर तुम्ही दोघं कुठे राहाल?”

उदयसिंहांच्या कानात फक्त शेवटचं वाक्य शिरलं. म्हणजे जायचं ठरलं, आणि म्हाताऱ्यांचं काय करायचं यावरही बोलणं झालं. त्यांनी स्कूटर काढली.

दुकानात मन लागत नव्हतं. एका गिऱ्हाइकाला पितळी बिजागऱ्या हव्या होत्या. उदयसिंह स्टुलावर चढले, सर्वांत वरच्या फळीवरचा खोका ओढला, तर तो रिकामा. खोका खाली होता, आणि होता वर.

ते तसेच स्टुलावर थबकले. मग आतून असं हसू फुटलं की फळी धरावी लागली. पोरीने ‘नाही’ म्हटलं होतं. स्पष्ट म्हटलं होतं, वर आठ महिन्यांपूर्वीच्या डब्याची फेडही केली होती. तिला जोक न कळायला काय झालं होतं? जिवाला घोर लागलेल्या माणसाच्या डोक्यात विनोद शिरत नाही, हे त्यांना आज कळलं. तिची तेव्हाची खाली घातलेली मान आठवून त्यांना लाजही वाटली.

खाली उतरून त्यांनी तिला फोन लावला. “वरचा मजला,” एवढंच कसंबसं बोलता आलं.

“सव्वादोन तास लागले, पप्पा,” क्षितिजा म्हणाली. “पोहे तुमच्याकडून.”

आणि ती हसली, चांगली खळखळून. आधी कोण हसलं, मागून कोण, हे बघायचं उदयसिंहांच्या लक्षातच आलं नाही.