भासऱ्यांची शिडाची होडी

एका भल्या माणसाची होडी ती पाण्यात उतरण्याआधीच मी बुडवली, आणि बुडवताना मी त्याच्या पँटशी बोलत होते. असा मूर्खपणा लपवायचं वय आता राहिलं नाही, म्हणून सांगून टाकते. माणूस म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. वाट पाहण्यात त्यांचा हात धरील असा माणूस चंद्रपूर-गडचिरोलीच्या अख्ख्या जंगलात सापडला नसता. वाघ पाहायला येणारे लोक मचाणावर घटकाभरात कंटाळतात. भासऱ्यांना तिथे बसवलं असतं तर वाघच कंटाळून समोर आला असता.

जन्मभर त्यांनी सरकारी बस चालवली. गडचिरोली ते एटापल्ली, एटापल्ली ते गडचिरोली. नाला भरून वाहू लागला की गाडी अलीकडे उभी करायची आणि स्टिअरिंगवर हनुवटी टेकून बसायचं. प्रवासी शिव्या देत, लेकरं रडत, कुणाची कोंबडी पिशवीतून निसटे; हे शांत. "पानी काई नोकरीवर नाई लागलं, वेळेवर उतराले," म्हणायचे. लग्न त्यांनी केलं नाही. एरवी सुटीपुरते यायचे; निवृत्त झाले आणि चिमूरकडच्या आमच्या गावी, आमच्या घरी कायमचे राहायला आले, ते सगळ्या सवयी सोबत घेऊन. खाकी कपडे सुटले नाहीत. घरातून निघताना कुणीतरी दाराची कडी दोनदा वाजवल्याशिवाय उंबरठा ओलांडत नसत. बैलगाडीत बसले तरी उजवा पाय ब्रेक शोधत असे. मोबाइल घेतला, पण तो घरातच खिळ्याला टांगलेला. "चालत्या मानसानं फोन घेऊ नये," हा त्यांचा नियम, आणि चालता माणूस म्हणजे पायी चालणाराही.

आता आमच्याकडची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांशी बोलायचं नाही, त्यांनी तिच्याशी बोलायचं नाही. पदर नाकापर्यंत, नजर जमिनीवर. निरोप माझ्या नवऱ्यामार्फत जायचे. नवरा बल्लारपूरच्या कागद गिरणीत कामाला, आठवडाभर तिकडेच. मग मी म्हशीला सांगायची. "म्हशे, भात अन् अंबाडी झाली वो!" अशी मोठ्यानं हाक दिली की गोठ्याच्या बांबूच्या तट्ट्यापलीकडून भासरे म्हशीलाच उत्तर देत, "येतो म्हना, हातपाय धुऊन." त्या म्हशीनं आमच्या घरचा संसार चालवला म्हटलं तरी चालेल. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली बाई, घरात दोन पोरं वाढवून वसतिगृहात धाडलेली, आणि रीत पाळण्याचा भारी तोरा. माझ्याइतका लांब पदर गावात कुणाचा नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायची. त्या पदरातून पुढचं दिसत नाही, हे मात्र कुणाला सांगत नव्हते.

तर होडी. आमच्या गावचा तलाव मोठा, पलीकडची झाडं धुक्यासारखी दिसतात. ढिवरांचे, म्हणजे मासेमारांचे, लाकडी डोंगे चालतात त्यात. पण भासऱ्यांना शिडाचीच होडी हवी होती. नवऱ्यानं विचारलं, "काऊन भाऊ, डोंगा नाई चालत काय?"

"डोंग्याले मानूस ढकलते. मले हवेनं चालनारी पाह्यजे. डिझेल नाई, घंटी नाई, कंडक्टर नाई." मग थोडं थांबून म्हणाले, "जन्मभर रस्ता नेईल तिकडे गेलो. जिथी रस्ताच नाई, तिथी एकदा चालवून पाहतो." इतकं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. स्वतःसाठी काही मागतानाही पहिल्यांदाच.

नागपूरच्या एका साहेबांकडे जुनी शिडाची होडी विकायला आहे असं कुठूनसं कळलं. भासरे गेले, पाहून आले, इसार देऊन आले. साहेब म्हणाले, पाऊस जाऊ द्या, मग न्या. पाऊस गेला. मग म्हणाले, मुलगा परदेशातून दिवाळीला येतोय, लहानपणी याच होडीत शिकला, त्याला शेवटचं एकदा फिरू द्या. दुसरा कोणी असता तर भांडला असता. हे म्हणाले, "पोराचा हक्क हाय. फिरू दे."

ते महिने भासऱ्यांनी नुसते बसून काढले नाहीत. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बांबूची शेड उभी केली, आत होडीच्या मापाची जागा शेणानं सारवली आणि रोज झाडली. अंगणात खाट मांडून तिला बांबू बांधला, बांबूला धोतर, आणि हवा कुठून येते ते शिकायला लागले. एके दुपारी वावटळ आली. खाट जागची हलली नाही, धोतर मात्र शेजारच्या कडुनिंबावर जाऊन बसलं. शेजारीण ओरडली, "ड्रायव्हरभाऊ, तुमची होडी माह्या झाडावर लागली वो!" हे गंभीरपणे म्हणाले, "हवा चांगली हाय. ब्रेकचं पाहा लागते." भंगारातून बसचा आरसा आणला, होडीला लावायला. नवऱ्यानं डोक्याला हात लावला. "भाऊ, तलावात मागून कोन येनार हाय?"

"म्हशी येतात," भासरे म्हणाले.

दिवाळी झाली. एका दुपारी खिळ्यावरचा मोबाइल वाजला. घरात मी एकटी. पलीकडे साहेब. मुलगा परत निघालाय, घर रिकामं करतोय, रविवारी सकाळी होडी घेऊन जा. नाही आलात तर दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे, त्याला देऊन टाकतो. "सांगते जी," म्हणाले आणि पदर ओढून गोठ्याकडे गेले. तट्ट्याखालून भासऱ्यांच्या चपला दिसल्या, वर खाकी पँट दिसली. मी म्हशीकडे तोंड करून सगळं सविस्तर सांगितलं. रविवार, सकाळ, दुसरं गिऱ्हाईक, काही सोडलं नाही. पलीकडून उत्तर आलं नाही, पण ते तसेही कमीच बोलत. मीच समाधानानं परतले.

पँट वाळत घातली होती. चपला तिच्याखाली धुऊन ठेवल्या होत्या. भासरे दुसरी पँट घालून अनवाणी पाळीवर शेड झाडत होते.

रविवारी सकाळी मी लवकर उठून दशम्या बांधल्या. भासरे निघतील, कडी कोण वाजवेल, याचीच मला काळजी. ते मात्र निवांत चहा पिऊन पाळीवर गेले. ऊन चढलं. नवरा गिरणीतून यायचा होता. मी म्हशीकडे पाहिलं, म्हैस माझ्याकडे. मग वाळणीच्या दोरीवर डुलणारी खाकी पँट दिसली; आत माणूस नव्हता. पदर कुठे पडला मला माहीत नाही. पाळीवर धावत गेले आणि साऱ्या ढिवरांच्या देखत ओरडले, "दादाजी! तुमची नाव चालली! आजच आना लागते, आत्ताच्या आत्ता!"

जाळी टाकणारे हात थांबले. भासऱ्यांच्या हातातला झाडू खाली पडला. होडी गेल्याचं कळून नव्हे. मी बोलले म्हणून. मग कुणाचा तरी पिकअप काढून ते नागपूरला गेले, सोबत नारळ घेऊन.

भासरे आज नाहीत. शेड अजून आहे, ढिवर तिथे जाळी वाळवतात. दुसरी होडी त्यांनी पुन्हा शोधली नाही. मी नवऱ्यामार्फत चारदा सुचवलं; "जमली असती तं जमली असती," एवढंच म्हणाले. माझी धाकटी सून आता तिच्या भासऱ्यांशी खुशाल वाद घालते, गालात हसून थट्टा करते. मी ऐकते आणि वाटतं, हे इतकं सोपं होतं होय?

त्या रविवारी संध्याकाळी पिकअप रिकामाच परत आला. नवरा तोवर घरी पोचला होता. भासऱ्यांनी त्यालाच सांगितलं: ते पोचले तेव्हा होडी दुसऱ्याच्या टेम्पोवर चढली होती. त्या माणसाला दोर बांधता येत नव्हता, रस्त्यात पडली असती. म्हणून यांनी चढून गाठी मारून दिल्या. नारळही त्यालाच दिला, पहिल्यांदा पाण्यात उतरवशील तेव्हा फोड म्हणून.

मी दाराआड उभी होते. म्हटलं, आता नवऱ्याला सांगतील, नवरा मला सांगेल, आणि मी मान खाली घालून ऐकून घेईन. पण भासऱ्यांनी नवऱ्याला हातानं बाजूला सारलं, सरळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता बोलनं सुरू झालंच हाय तं एक सांगतो, बाई. मले अंबाडीची भाजी आवडत नाई. तू लगन होऊन आली तवापासून सांगीन म्हनून राह्यलो."