कागदात गुंडाळलेलं

औषधवाल्याने शेजारच्या सुरेखाकाकूंचं पाकीट न सांगताच वर्तमानपत्रात गुंडाळलं. काकू मला म्हणाल्या, "अगं, मोबाईलवर दुखणं शोधलं तर ते कोण गुंडाळणार? गल्लीत इंटरनेट देणारा माझा पुतण्याच! घरभर होईल."

मी तडकलेच. आपलं दुखणं कुणाला सांगायचं, ते आपणच ठरवायचं! तिथेच त्यांच्या मोबाईलवर व्हीपीएन सुरू करून दिलं. "आता पुतण्याला नुसतं पुडकं दिसेल, आतलं नाही. गुंडाळणाऱ्याला, म्हणजे व्हीपीएनवाल्याला, मात्र कळू शकतं हं. तो भरवशाचा हवा."

काकूंनी औषधवाल्याकडे पाहिलं. "ह्याच्यासारखा ना? माझं सगळं माहीत, पण बायकोलाही बोलला नाही मेला!"

तो हसत दुसरं पाकीट गुंडाळू लागला. काकू बाकावर टेकल्या आणि आपलं दुखणं निवांत शोधत बसल्या.