रहाटणीचा ताप

साबिया मुलाणी आरोग्य खात्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिचं काम ऐकायला गमतीचं आहे. कुठल्या भागातले लोक मोबाइलवर काय शोधतात, त्याचा आलेख रोज बघायचा. माणूस डॉक्टरआधी मोबाइलला विचारतो. पिंपळे सौदागरात ‘पपईच्या पानांचा रस’ अचानक वर चढला, की साबिया डेंग्यूचा इशारा लिहिते. दवाखान्यांचे आकडे यायच्या आठवडाभर आधी आमची फवारणीची गाडी निघते.

तिचा एक हट्ट होता. खात्यातल्या माणसांनी आजाराचं काही शोधायचं नाही, आलेख बिघडतो. मला नुसती शिंक आली तरी डोळे वटारायची. “जयसिंगभाऊ, मोबाइल खाली ठेवा. डॉक्टरकडं जा.” मी तिला हेडमास्तरीण म्हणायचो. माहेर परभणीचं, इथं रहाटणीत एका खोलीत एकटी राहायची.

सप्टेंबरात ती नऊ दिवस आली नाही. रजेचा मेसेज पहिल्या दिवशी आला, मग काहीच नाही. तिचं काम माझ्या गळ्यात पडलं. रहाटणीचा आलेख भराभर चढत होता. मी इशारा लिहिला, गाडी पाठवली, साहेबांची शाबासकी घेतली आणि खुशीत मिसळ हाणली.

दहाव्या दिवशी ती आली तेव्हा निम्मी झाली होती. डेंग्यूच झाला होता.

“मीच नियम मोडला, भाऊ,” ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिला उठवत नव्हतं, पाणी द्यायला कुणी नव्हतं. तेव्हा तिनं मोबाइलवर लिहिलं होतं, ‘एकटं असताना ताप आला तर काय करावं.’ मग कशीबशी रिक्षा करून दवाखान्यात गेली.

आता तिला एकच बघायचं होतं, असं विचारणारं या शहरात आणखी कुणी आहे का. तिनं ते वाक्य आलेखात टाकलं. ‘पुरेशी माहिती नाही,’ असं पडद्यावर आलं. शोधणारे मोजकेच असले की असं येतं, आणि आम्ही तिथं काही नाही समजून पुढचा भाग उघडतो. ती मात्र बघत बसली. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो.

“अहो, सांगायचं तरी! एक फोन करायचा.”

“रहाटणीत ताप वाढलाय, हे तुम्हाला माहीत होतं ना, भाऊ?” तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता.

माहीत होतं. इशारा मीच लिहिला होता. ती कुठं राहते, हेही माहीत होतं.