फळ्याकडे तोंड करून

मुरबाडहून कल्याणला निघालेल्या जीपमध्ये बसलो होतो, तेव्हा सुगंधाच्या नवऱ्याचा फोन आला. "सर, सुगंधा गेली. कावीळ अंगावर काढली तिनं..." मी पुढच्या फाट्यावर उतरलो.

सुगंधा माझी विद्यार्थिनी. धसईच्या वरच्या पाड्यावरून कॉलेजात येणारी ती एकटीच. पीएच.डी.साठी मला पाड्यांवरच्या घरांतल्या दारूविषयी मुलाखती हव्या होत्या. बाहेर कुठे हिंडणार? वर्गातल्याच मुलांना बोलावलं. प्रॅक्टिकलचे मार्क माझ्याच हातात होते. सुगंधा म्हणाली, "सर, घरचं नको ना..." मी हसून म्हटलं, "अगं, नाव थोडंच येणार आहे!" तिनं बापाचं सगळं सांगितलं. पुढं एकदा शिकवताना मी त्यातला एक प्रसंग उदाहरण म्हणून वाचून दाखवला. नाव घेतलं नाही. 'वरच्या पाड्यावरची मुलगी' एवढंच म्हटलं, आणि सगळा वर्ग मागच्या बाकाकडे वळला. त्यानंतर बरेच दिवस ती आली नाही. प्रबंधात मात्र मी लिहिलं : सहभाग ऐच्छिक होता.

ती शिकली, शहापूरकडे एका शाळेत बाई झाली. गेल्या वर्षी तिच्या शाळेतल्या मुलांच्या मुलाखती घ्यायला मी गेलो. होय, पुन्हा तेच... तिनं मुलांना सगळं समजावून सांगितलं आणि मला म्हणाली, "सर, आता फळ्याकडं तोंड करा. मी पन करते."

"का गं? शिक्षा?"

"शिक्षा नाय ओ. तुमचं तोंड समोर असल्यावर नाय कोन म्हनंल? ज्याला नको तो जाईल. पायांचा आवाज थांबला, का मंग वळा."

वळलो तेव्हा दोनच मुली उरल्या होत्या. "बगा, या खऱ्या तुमच्या," सुगंधा म्हणाली. रागानं नाही, अगदी सहज.

निघताना माफी मागायचीच, असं मनाशी ठरवलं होतं. पायरीवर थांबलोही. "सुगंधा, तेव्हा मी..." ती क्षणभर थांबली. मी म्हणालो, "...तेव्हा तू फार बारीक होतीस." "जीप सुटंल, सर," ती म्हणाली. तिला कळलं असणार.

ती गेल्यानंतर, मागच्या आठवड्यात आमच्या विभागाला मुलाखतींसाठी मुलं हवी होती. वर्गात सगळं सांगितलं आणि फळ्याकडे तोंड केलं. कुणीतरी खुदकन हसलं. मग एक बाक सरकला, दुसरा... दारात चपला वाजत राहिल्या. पायांचा आवाज कधीच थांबला होता. मला वळवेना.