रफिकभाईंनी कापलेला डॅशबोर्ड

गेल्या महिन्यात एका सकाळी रफिकभाईंच्या मुलीचा, नसरीनचा फोन आला. "डॉक्टरबाई, अब्बू गेले..." एवढंच बोलली. मी एका बैलाच्या खुराची जखम धूत होते. फोन खांद्यानं कानाशी धरलेला, हात तसेच थांबले. बैलाच्या मालकानं विचारलं, "कोन गेलं, मॅडम?" मी म्हटलं, "माझे वायरमन." नात्याला दुसरा शब्द तेव्हा सुचला नाही, आणि आज लिहायला बसल्यावरही सुचत नाही.

रफिकभाई बडनेऱ्यात गाड्यांचं वायरिंग करायचे. मी चांदूर रेल्वेत जनावरांचा दवाखाना नुकताच उघडला होता. कापसाची ती वाईट वर्षं होती. घरातलं एकेक जनावर बाजारात चाललेलं, आणि जे दावणीला उरलं होतं त्याच्यावर सगळ्या घराची भिस्त होती. बोलावणं आलं की जायचंच. पण पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणवाटांत माझी मोटारसायकल चाकांवर चिखल चढून जागीच उभी राहायची. तेव्हा अकोल्याचे मामा मदतीला आले. त्यांचा कूलरच्या फायबर बॉडी बनवायचा कारखाना होता. कुठल्याशा मासिकात वाळूवर पळणाऱ्या उघड्या गाडीचं चित्र पाहून त्यांनी हौसेनं तशीच बग्गी बनवली होती : जुन्या मोटारीचा सांगाडा, रुंद टायर आणि वर फायबरची लालभडक बॉडी. ती त्यांनी मला देऊन टाकली. गावोगावी लोक विचारायचे, "बग्गी हाये तं घोडा कुठी हाये?" पण चिखलातून ती अशी तरंगत जायची, की हसणारेच मागे बसायला मागायचे.

दुखणं होतं ते वायरिंगचं. एका श्रावणात एक म्हैस अडली होती. अर्ध्या पांदणीत बग्गीतून धूर निघाला आणि ती बंद पडली. मी पिशवी खांद्यावर टाकून दोन कोस चालत गेले. म्हैस वाचली, पारडू गेलं... घरच्या बाईनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही, उलट पाय धुवायला पाणी दिलं. ते पाणी अजून विसरले नाही.

बग्गी ओढून बडनेऱ्याला आणली. रफिकभाई सीटवर उलटे झाले, डोकं डॅशबोर्डखाली, पाय सीटच्या पाठीवर, दातांत टॉर्च. तीन तासांनी घामाघूम होऊन बाहेर आले. म्हणाले, "डॉक्टरबाई, हे लोखंड नोहे. लोखंडाच्या गाडीत बॉडीच अर्थिंग देते. फायबर काईच देत नाई. हरेक मीटरले, हरेक बटनाले आपली अर्थिंगची वायर लागते. अन् मधात फायबरची कोर इतकी धारदार, का वायरचं कातडंच सोलून राहिली."

"मग दुरुस्त झाली ना?"

"आज झाली. पुढच्या बारीले मी बडनेऱ्यात असन अन् तुमी कौंडण्यपूरच्या वाटेवर. तिथं मी कुठून येऊ? डॅशबोर्ड कापा लागते. समोरून उघडला पायजे. तुमाले सोता उघडता आला पायजे."

मी नाहीच म्हटलं. बॉडी आणि डॅशबोर्ड एकसंध होते, मामांनी महिनाभर घासून त्याला आरशासारखी चकाकी आणलेली. रफिकभाईंनी वाद घातला नाही. पुठ्ठ्यावर डॅशबोर्डचा नमुना कापला, गुंडाळी केली, आणि दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं थेट अकोल्याला गेले. ज्यानं वस्तू घडवली त्याला विचारल्याशिवाय आरी लावायची नाही, हा त्यांचा कायदा. मामा भडकले. "माह्या गाडीले आरी लावता? मधातून कापली का हादऱ्यानं तडे जातीन!" रफिकभाई म्हणाले, "म्हनूनच तुमच्याकडं आलो, मामा. कुठून कापू, ते तुमी सांगा."

त्या एका वाक्यावर मामा फायबरची मॅट आणि रेझिनचा डबा घेऊन त्यांच्याबरोबर बडनेऱ्याला आले. दोघांनी दोन दिवस काम केलं. मीटर आणि बटनांचा मधला भाग चौकोनी कापून काढला, भोवती दोन बोटं काठ ठेवला. त्या काठाला मागून मॅटचे तीन थर देऊन मामांनी तो लाकडासारखा टणक केला. रफिकभाईंनी कापलेल्या कडांना रबराची पट्टी लावली आणि वायरी मुद्दाम लांब ठेवल्या. हातानं फिरवायचे चार स्क्रू काढले, की अख्खी पाटी पुढं झुकून मांडीवर यायची. मागे सगळं उघडं : फ्यूज ओळीनं, अर्थिंगच्या वायरी एका पितळी पट्टीवर, आणि प्रत्येक वायरीवर चिकटपट्टीचं निशाण. "देवनागरीत माहं अक्षर खराब हाये," म्हणून नावं त्यांनी मामांकडून लिहवून घेतली.

मग चहा आला. माझा कप रिकामा होईपर्यंत रफिकभाई बग्गीशी काहीतरी खुडबुड करून आले. "घ्या, न्या गाडी." चावी फिरवली, गाडी ठप्प. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते बशीत चहा ओतत होते. "माह्याकडं काहून पाह्यता? उघडा." मला पाऊण तास लागला. त्यांनी एक वायर सैल केली होती आणि एक फ्यूज खिशात घातला होता. गाडी सुरू झाली तेव्हा मामाच टाळ्या वाजवायला लागले.

पुढच्याच पावसाळ्यात, कौंडण्यपूरच्या अलीकडे, भर दुपारी बग्गी बंद पडली. सुशीलाबाई नावाच्या एकट्या बाईचा बैल ओला चारा खाऊन फुगला होता. पोटफुगीत अर्धा तास फार झाला. मी चार स्क्रू काढले, पाटी मांडीवर घेतली, जळालेला फ्यूज बदलला... पाच मिनिटंही लागली नसतील. पोचले तेव्हा बैल जमिनीवर आडवा, जीभ बाहेर. डाव्या कुशीत नळी घातली, वायू सुटला, आणि घटकाभरानं तो डोलत उभा राहिला. सुशीलाबाई त्याच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडल्या. हे सांगायला मी बडनेऱ्याला गेले, तर रफिकभाईंनी आधी विचारलं, "बैल चारा खाते ना आता?" आणि मग, "फ्यूज कोनता जळला व्हता?"

फोन आल्यावर चार दिवसांनी त्यांच्या घरी गेले. भाभी खाटेवर बसल्या होत्या, शेजारी नसरीन. एवढ्यात 'टक्' आवाज झाला आणि पंखा थांबला. नसरीन उठायला लागली. भाभींनी तिला हातानंच बसवलं. स्वतः उठल्या, भिंतीवरच्या लाकडी बोर्डाचे दोन आकडे काढले, झाकण खाली झुकवलं, आतली फ्यूजची तार बदलली आणि झाकण लावलं. पंखा फिरायला लागला. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "लगीन झालं त्याच सालात शिकवलं व्हतं त्यायनं. मी म्हनत व्हते, तुमी असतानी मले काहून शिकवता..."

मग त्या चहा ठेवायला आत गेल्या.