आईला न विचारता घेतलेली वेळ

उचगावात आमची पिठाची गिरणी आहे. वडील गेल्यावर आईनं ती एकटीनं चालवली. कुठला डबा कुणाचा, हे तिला कधी विचारावं लागलं नाही. गेल्या वर्षी मात्र तिनं एकीच्या गव्हावर दुसरीची ज्वारी ओतली. दोनदा गिरणी चालू ठेवून तशीच घरी आली. मी तिच्याजवळच राहते. सगळं बघत होते आणि गप्प होते.

मग पुण्याहून थोरला भाऊ आला. त्यानं कोल्हापुरात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. "बीपी बघायला जायचंय म्हणून सांग तिला," तो मला म्हणाला. मी तसंच सांगितलं. त्याची लाज मला अजून वाटते.

दवाखान्यात डॉक्टर भावाशीच बोलत होते. विसरणं कधीपासून आहे, चिडचिड होते का, एमआरआय उद्याच करून घेऊ. आई मधल्या खुर्चीत बसून दोघांची तोंडं बघत होती. एकदम तिनं टेबलावर थाप मारली.

"ओ डॉक्टर, डोस्कं माझं हाय की! मला इचारा."

"आई, शांत बस. तुझ्या भल्याचंच चाललंय," भाऊ म्हणाला.

"भल्याचं हाय तर चोरून का आणलंसा?" मग माझ्याकडं वळली. "तू बी?"

तेव्हा मी तोंड उघडलं. "डॉक्टर, तिला आंघोळीची आठवण मी करते, गोळ्या मी देते. मलाही कुणी काही विचारलेलं नाही. आधी तिला सगळं सांगा. ती हो म्हणाली तरच पुढं."

डॉक्टरांनी पेन ठेवलं, खुर्ची आईकडं वळवली आणि विसरण्याचा आजार आहे का ते तपासायचंय, असं तिला सांगितलं.

"निघालं तर बरं हुतंय का?" तिनं विचारलं.

"थायरॉईड किंवा जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर सुधारतं. ते रक्तातनं कळेल. स्मृतिभ्रंश असेल तर बरा होत नाही. औषधानं थोडा आधार मिळतो. पण पुढचं तुम्हाला स्वतः ठरवायला वेळ मिळेल."

"आन् मला कोण सांगणार? का ह्यालाच फोन करणार?"

"तुम्हालाच सांगेन."

"मग आज रक्त घ्या. मशीनीत झोपायचं का न्हाय, ते मी घरी जाऊन ठरवीन."

रक्तात काही सापडलं नाही. तीन आठवडे आई विचार करत होती. मग एका सकाळी चहा पिताना म्हणाली, "चल, करून टाकू."

आजार निघाला. डॉक्टरांनी आधी तिला एकटीला सांगितलं. बाहेर येऊन तिनं ते आम्हाला सांगितलं. मान ताठ होती. "आता मोटर तू चालू-बंद करायची. दळण मीच घालणार. घरात कोंडून ठिवायचं न्हाय मला."

पाहुणे येतात, मला बाजूला घेऊन कुजबुजतात, "तिला सांगितलं कशाला? हाय खाईल की ती."

मी आवाज न दाबता म्हणते, "आई गिरणीत बसलीय. जे काय विचारायचंय, ते तिलाच विचारा."