तांबड्या भाताचा अर्ज

आमच्या घराण्याचा इतिहास माणसांचा नसून भाताचा आहे, यावर माझ्या आजोबांचा जेवढा विश्वास होता तेवढा देवावरही नसावा. आम्ही त्यांना आजो म्हणायचो. माझ्या कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी एका दाखल्यासाठी वंशावळ हवी होती, म्हणून त्यांना कचेरीत नेलं. कचेरीत शिरताना आजो चपला आणि मालवणी दोन्ही दाराबाहेर काढून ठेवत. कारकुनाने त्यांच्या आजोबांचं नाव विचारलं. आजो पुस्तकी मराठीत म्हणाले, "त्यांनी वेंगुर्ल्याच्या बाजूहून तांबडे भात डोक्यावरून आणले." पुढे वडिलांविषयी विचारल्यावर, "त्यांनी ते दोन दुष्काळी वर्षांत उपाशी राहून जपले." नावं शेवटी मीच सांगितली. दाखला मिळाला, पण कारकुनाने निम्मा इतिहास गाळला अशी त्यांची तक्रार शेवटपर्यंत राहिली.

ते तांबडं भात आता गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. बाबा बाकीच्या शेतात बाजारचं बियाणं पेरत. आजो विहिरीजवळच्या एका कुणग्यात, म्हणजे हातरुमालाएवढ्या वाफ्यात, आपलं भात लावत. दाणा वाळला की नाही हे ते दाताखाली धरून ठरवत आणि 'कट्' असा आवाज येईपर्यंत घरातल्या कुणाला बोलू देत नसत. मग बियाणं पेंढ्यात गुंडाळून त्याची नारळासारखी घट्ट मुडी बांधत आणि चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवत. ती गाठ घरात दुसऱ्या कुणाला येत नसे. शितांविषयी तर विचारूच नका. आत्याला बघायला आलेल्या एका चांगल्या नोकरदार मुलाने पानात भात टाकला, तेव्हा आजोंनी पाहुण्यांना नम्रपणे बसस्टॉपपर्यंत पोचवलं आणि परत येऊन सांगितलं, "पानात शितां टाकता, तो संसार काय सांभाळतलो?"

मी पदवीधर झाले तो निकाल मिरगाच्या, म्हणजे पेरणीच्या, आठ दिवस आधी लागला. घरात पदवी पहिल्यांदाच येत होती, म्हणून बाबांनी वाडीला जेवण घालायचं ठरवलं. आईने माळा झाडायला खाण्याच्या आणि बियाण्याच्या सगळ्या मुड्या खाली काढल्या. पाहुण्यांना चांगला तांदूळ मिळावा म्हणून बाबांनी त्यातली सर्वांत घट्ट, सर्वांत सुबक बांधलेली मुडी निवडली आणि गिरणीवर नेऊन भरडून आणली.

आजो शेतावरून आले. सुपातले तांबडे दाणे त्यांनी चिमटीत धरले.

"ह्या खंयच्या मुडयेतला?"

बाबांचा चेहरा बघून त्यांना उत्तर कळलं. तांबड्या भाताचं सगळं बियाणं त्या एकाच मुडीत होतं, आणि भरडलेला दाणा रुजत नाही. ते पायरीवर बसले. आम्ही सगळे वादळाची वाट बघत उभे होतो. ते म्हणाले, "रांधा. पावणे येतत." आणि पंगतीत पहिला भात माझ्या पानात त्यांनीच वाढला. "खा गो. तुझ्या पणज्यापरास जुना आसा ह्या."

आता ते बियाणं एकाच ठिकाणी उरलं होतं, इन्सुलीला, आजोंच्या थोरल्या बहिणीकडे. लग्नात तिने माहेरचं भात ओटीत नेलं होतं. अडचण अशी की सात वर्षांपूर्वी चतुर्थीला जेवताना मुडीच्या गाठीवरून ती म्हणाली होती, "बापाशीचो हात माका इलो, तुका नाय." तेव्हापासून बोलणं बंद होतं.

दुसऱ्या दिवशी आजोंनी मला कागद घ्यायला सांगितलं. "तू शिकलंस मा? अर्ज लिव."

"कोणाक?"

"तिका."

पदवी मिळाल्यानंतरचं माझं पहिलं लेखनकार्य ते. 'विषय: भाताचे बियाणे मिळणेबाबत.' एसटीत आजो अर्ज दोन्ही हातांत धरून बसले होते.

इन्सुलीची आजी अंगणात काजू वाळवत होती. "सात वर्षांनी वाट गावली?" म्हणाली. आजोंनी अर्ज पुढे केला. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवला. तिने तो सगळा ऐकून घेतला.

"बरो आसा. पण माका कागद कळणत नाय. तोंडान सांग."

आजोंनी माझ्या हातातला अर्ज घेऊन त्याची घडी घातली. माझ्या मनात आलं, आता हे उठणार आणि चार पिढ्यांचं भात इथेच संपणार.

"बाये," ते म्हणाले, "माझ्याकडला बियाणा गेला. तुझ्याकडला दी. बापाशीचो हात तुझ्याकडेच आसा."

आजी आत गेली आणि मुडी घेऊन आली. आजोंनी ती दोन्ही हातांनी घेतली, कानाशी हलवली आणि म्हणाले, "गाठ मात्र सैल."

"इलो मेलो शाणो!" आजी ओरडली, आणि मग दोघंही पोट धरून हसली.

आजो जाऊन तीन वर्षं झाली. मी आता सावंतवाडीला नोकरी करते. अर्ज बरे लिहिते. मुडी बाबा बांधतात, पण त्यांची गाठ सुटते. यंदा माळ्यावर दाण्यांना किडे लागले आणि मी इन्सुलीला गेले. आजीला आता नीट दिसत नाही. आवाजावरून ओळखून म्हणाली, "अर्ज हाडलंस काय गो?"

"नाय."

"मगे तोंडान सांग."

मी सांगितलं. तिने मुडी माझ्या मांडीवर ठेवली आणि गाठीवर हात ठेवून थांबली, जणू अजून कुणीतरी काहीतरी बोलायचं बाकी होतं.

"सैल आसा," मी आजोंसारखं म्हटलं.

ती हसली नाही. "हां," म्हणाली, आणि बराच वेळ गाठीवरचा हात काढला नाही.